पडद्यावरचे सुतारगुरुजी

सुतारकाम शिकायचे तर आपल्याकडे पूर्वी एकच राजमार्ग होता : सुताराच्या पोटी जन्म घ्यावा! बारा बलुत्यांतले हे एक बलुते. पोराने बापाच्या शेजारी बसावे, आधी ढलप्या गोळा कराव्यात, मग धारेच्या दगडावर पाणी सोडावे, चार-दोन वर्षांनी करवतीला हात लावावा, आणि ओठावर मिसरूड फुटेपर्यंत रंधा त्याला वश व्हावा. पाटी नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. बाप सांगत फारसे नसे. पोरगा बघत असे.

आपण पांढरपेशे लोक ह्या विद्येचे केवळ प्रेक्षक. घरात कार्य निघाले किंवा नवी जागा घेतली की सुतार पंधरा दिवस गॅलरीत मुक्काम ठोकी, आणि आम्ही मुली रंध्यातून सुटणारी कुरळी सालपटे कानांत अडकवून मिरवत असू. आता तो प्रेक्षकपणाही संपत आला. कपाट कारखान्यातून खोक्यात बसून येते, दोन तासांत उभे राहते, आणि सालपट म्हणून काही असते हे आमच्या मुलांना कळतही नाही.

आणि नेमक्या ह्याच काळात एक नवल घडले आहे. २००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि बघता बघता जगभरचे सुतार आपली हत्यारे घेऊन पडद्यावर येऊन बसले. रात्री जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला, की कोणाही गृहस्थाला किंवा गृहिणीला आता इंग्लंडातल्या, अमेरिकेतल्या, जपानातल्या कारागिराच्या शेजारी जाऊन बसता येते. जन्माची अट नाही, फी नाही. अडचण एकच : गुरू फार झाले! रामदासांपासून आपल्याकडे सद्गुरू आणि भोंदू गुरू ह्यांची लक्षणे सांगण्याची परंपरा आहे. ती सुतारगुरूंनाही लावून पाहावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

शब्द जिभेवर, हातात नव्हे

मी पेशाने मराठीची प्राध्यापिका. माझा आणि लाकडाचा संबंध खडू-फळ्यापुरता. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार'वरून आला, म्हणजे नाटकातला सूत्रधार आणि आपला सुतार हे एकाच मुळाचे, हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आले. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, कुसू म्हणजे काय?" कोशातला अर्थ मी सांगितला : एका लाकडाचे टोक बारीक करून दुसऱ्याच्या खाचेत बसवतात, ते टोक म्हणजे कुसू. अर्थ बरोबर होता. मुलाचे समाधान झाले. माझे झाले नाही. शब्द माझ्या जिभेवर होता, हातात नव्हता.

म्हणून दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या बोहरी आळीतून एक रंधा, एक करवत, दोन पटाश्या, एक गुण्या आणि एक मोगरी घेऊन आले, बाल्कनीतल्या कुंड्या एका बाजूला सारल्या, आणि फोनवर गुरू शोधायला बसले. आमच्या मजल्यावर ही वार्ता पसरायला वेळ लागला नाही. "बाईंनी लवकर निवृत्ती घेतली वाटते," असे एका शेजाऱ्याने विचारलेदेखील.

पी हळद अन् हो गोरी

फोनवर नुसते 'वुडवर्किंग' असे शोधाल तर पहिल्यांदा समोर येतो तो बाजार. 'दहा मिनिटांत टेबल', 'सुतारांना ठाऊक नसलेल्या पाच युक्त्या'. तडतड संगीत, क्षणाक्षणाला बदलणारे दृश्य, आणि शेवटी चकचकीत टेबलावर ठेवलेला कॉफीचा पेला. फळी कापताना दिसते. पण कोणत्या रेघेवर कापली, रेघ कशाने मारली, करवत वाकडी जाऊ लागली तेव्हा काय केले, हे सारे कात्रीखाली गेलेले असते. शिकणाऱ्याला हवे असते नेमके तेवढेच.

दुसरा प्रकार फार सुंदर, पण फसवा. जपानमध्ये 'इशितानी फर्निचर' नावाची एक कार्यशाळा आहे. तिथल्या चित्रफितींत बोलणे जवळजवळ नसतेच. करवतीचा, रंध्याचा, पावलांचा आवाज तेवढा असतो. मी त्या अनेकदा पाहते, पण शिकण्यासाठी नव्हे. भीमसेनांची मैफल ऐकून कान तयार होतो, गळा तयार होत नाही. गळ्यासाठी सकाळी उठून 'सा' लावावा लागतो. तशाच ह्या चित्रफिती. त्या पाहून चांगले काम कसे दिसते ते कळते. आधी 'सा' शिकवणारा गुरू गाठावा, मग मैफलीला जावे.

तिसरा प्रकार आपल्या कामाचा : जो एकच गोष्ट घेतो, सावकाश करतो, आणि का केली ते सांगतो. पण तो सहसा पहिल्या पानावर येत नाही. त्याला शोधण्याची माझी युक्ती सांगते. टेबल, कपाट, पलंग अशा वस्तूंची नावे घालून शोधू नका. क्रिया घालून शोधा. 'पटाशीला धार कशी लावावी', 'रेघेवर सरळ कसे कापावे', 'फळीची कड काटकोनात कशी आणावी'. इंग्रजीत शोधा, हिंदीत शोधा. वस्तू शोधली की विक्रेता भेटतो. क्रिया शोधली की मास्तर भेटतो.

पहिली खूण : धार

खऱ्या सुतारगुरूची पहिली खूण अशी की तो आधी धार शिकवतो. इंग्लंडातले पॉल सेलर्स हे १९६५ साली उमेदवारीला लागलेले कारागीर. त्यांचे म्हणणे असे की तीन सांधे आणि दहा हत्यारे हाताला आली की लाकडाची जवळजवळ कोणतीही वस्तू करता येते. तीन सांधे म्हणजे फळीत फळी बसवण्याची आडवी खाच, कुसू-खाचेचा सांधा, आणि पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा 'डव्हटेल'. पण ह्या तिन्हींच्या आधी ते पटाशी आणि रंध्याचे पाते दगडावर घासून दाखवतात, पुन्हा पुन्हा दाखवतात.

ह्याला कारण आहे. दुकानातून आणलेल्या हत्याराला कामाची धार क्वचितच असते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते, आणि सटकली की बोट कापते. धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यार अधिक धोक्याचे, हे ऐकायला उलटे वाटते, पण कोणीही सुतार ते सांगेल. पटाशीची पाठ आधी सपाट करायची. मग पुढचा उतार साधारण २५ ते ३० अंशांत धरून घासायचा. पाठीकडे बारीकशी कोर वळलेली बोटाला लागली की समजायचे, धार टोकापर्यंत पोचली. मग ती कोर अलगद काढायची आणि चामड्यावर पाते ओढायचे. जो गुरू ही कोर कॅमेऱ्याजवळ आणून दाखवतो, त्याच्यापुढे बसावे. जो म्हणतो, 'हत्याराला धार लावून घ्या' आणि पुढे जातो, त्याला नमस्कार करावा आणि आपणही पुढे जावे.

मिस्त्रीकाकांचा निकाल

गुरूची दुसरी खूण मला आमच्या मिस्त्रीकाकांनी शिकवली. पावसाळ्यात बाल्कनीचे दार फुगले म्हणून ते घासायला आले होते. वय सत्तरीच्या घरात, इंग्रजीचा गंध नाही. चहा झाल्यावर मी त्यांना फोनवर दोन चित्रफिती दाखवल्या. पहिली एका तरुण परदेशी कारागिराची, भलतीच झगमगीत. काकांनी मिनिटभर पाहिली आणि फोन परत दिला.

"ह्यात काम कुठं आहे, ताई?"

दुसरी सेलर्सची. काकांनी चष्मा चढवला. थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज वाढवा जरा." मी वाढवला. ते पडद्याकडे न बघता कान देऊन ऐकत राहिले.

"रंधा बरोबर लागलाय. रेशमी कापड ओढल्यासारखा वाजतोय, ऐका. पातं बोथट असलं की खरखरतो. लाकडाच्या रेषेच्या उलट गेला की अडखळतो. आणि बघा, म्हातारा मधनंमधनं थांबून पात्याला पुन्हा धार देतोय. कामाचा माणूस आहे."

भाषेचा एक शब्द न कळता त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला होता! सुतारकामावर पुस्तके फार जुनी आहेत. लंडनमध्ये जोसेफ मॉक्सन ह्याने १६७८ सालापासून कारागिरीचे धडे भागाभागाने छापून विकले. पॅरिसमध्ये आंद्रे रूबो ह्याचा मोठा ग्रंथ १७६९ पासून निघू लागला. त्यांत उत्तम चित्रे होती, पण रंधा वाजत नव्हता. चित्रफितीने पुस्तकावर मात केली ती इथे. म्हणून संगीताने आवाज झाकणारी चित्रफीत शिकण्याच्या कामाची नाही.

तिसरी खूण म्हणजे फसलेले न लपवणे. अमेरिकेत रॉय अंडरहिल ह्यांचा 'द वुडराइट्स शॉप' हा कार्यक्रम १९७९ साली दूरदर्शनवर सुरू झाला आणि साडेतीन दशकांहून अधिक काळ चालला. यंत्र नाही, वीज नाही, केवळ हाताची हत्यारे. चित्रण बहुधा न थांबता, सलग. त्यामुळे अंडरहिल धापा टाकत, कधी बोट कापून घेत, वेळ संपता संपता काम उरकताना दिसत. पाहणाऱ्याला त्यातून मोठा धीर येतो. लाकूड तडकले तर काय करायचे, हे ज्याचे लाकूड कधी तडकतच नाही तो कसा शिकवणार?

परदेशी फळी, देशी पाऊस

मात्र पडद्यावरच्या गुरूचे सारेच जसेच्या तसे घेऊन चालत नाही. लाकूड हे मेल्यावरही श्वास घेते. हवेतला ओलावा घेऊन ते फुगते, ओलावा सोडून आक्रसते. पण सगळीकडे सारखे नव्हे. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत लांबीत जेमतेम हजारात एक-दोन भाग कमी होते; रुंदीत मात्र शंभरात पाच-सात किंवा त्याहूनही अधिक भाग कमी होऊ शकते. सुतारकामातले निम्मे शहाणपण ह्या एका गोष्टीत आहे. जो गुरू ती सांगत नाही, त्याचे टेबल पुढच्या वर्षी तडकते. पण तोवर त्याची चित्रफीत लाखोंनी पाहिलेली असते.

आता, इंग्लंड-अमेरिकेत घरे हिवाळ्यात तापवतात. तेव्हा तिथले लाकूड हिवाळ्यात सुकते आणि उन्हाळ्यात फुगते. आपल्याकडे ते आषाढ-श्रावणात फुगते आणि चैत्र-वैशाखात सुकते. म्हणून वैशाखात ड्रॉवर केलात तर फट जास्त ठेवा, नाहीतर श्रावणात तो उघडणार नाही. लाकूडही निराळे. त्यांचे पाइन आणि ओक, आपला साग. साग फुगण्या-आक्रसण्यात संयमी, म्हणून दारा-खिडक्यांना उत्तम. पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश असतो, आणि तो पात्याची धार खातो. परदेशी गुरूने एकदा धार लावली तर आपण दोनदा लावावी.

बैठकीचेही तसेच. त्यांचे सगळे काम कमरेएवढ्या जड टेबलावर, शिकंज्यात लाकूड आवळून. आपला सुतार जमिनीवर बसतो आणि पायाच्या पंजाने लाकूड धरतो. पुण्या-मुंबईच्या जागेत टेबल कुठे मांडायचे? ह्याला तोड अमेरिकेतल्या रेक्स क्रूगर ह्यांच्या चित्रफितींत सापडते. थोडक्या पैशांत, थोड्या हत्यारांनी काम कसे भागवावे हाच त्यांचा विषय. प्राचीन रोमन लोकांसारखे बुटके बाक करून, त्यावरच बसून, अंगाच्या भाराने लाकूड दाबून काम कसे करावे हे ते दाखवतात. आपल्या बैठकीला ते फार जवळचे.

गुरू की दुकानदार?

चौथी खूण हत्यारांच्या यादीवरून कळते. अमेरिकेतला नॉर्म अॅब्रम ह्यांचा 'न्यू यँकी वर्कशॉप' १९८९ ते २००९ अशी वीस वर्षे चालला. माणूस सज्जन, काम चोख, प्रत्येक वेळी डोळ्यांवर चष्मा लावा म्हणून बजावणारा. पण त्यांची कार्यशाळा यंत्रांनी भरलेली. पाहणाऱ्याने बाल्कनीत बसून उसासे टाकावेत. आजच्या पडद्यावर तर कित्येकांना हत्यारांच्या कंपन्या पैसे किंवा माल देतात. त्यात पाप नाही. पण प्रत्येक भागात नवे हत्यार निघत असेल तर समजावे की आपण शाळेत नसून दुकानात आहोत. ह्याच्या उलट सेलर्स एका ठोकळ्याला तिरके भोक पाडून त्यात पटाशी घट्ट बसवतात आणि त्यानेच खाचेचा तळ सपाट करून दाखवतात. गरिबाचे हत्यार म्हणतात त्याला. आहे त्यात भागवायला शिकवतो तो गुरू.

आणि पाचवी खूण, जिच्याशी तडजोड नको : बोटे. गोल पात्याच्या यंत्रावरचे संरक्षक झाकण 'नीट दिसावे म्हणून' काढून काम करणारे, किंवा लोखंड घासण्याच्या ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवणारे पडद्यावर पुष्कळ दिसतात. पाते अडकले की ते यंत्र हातातून उसळते. अशी चित्रफीत तिथल्या तिथे बंद करावी. मुलांच्या समोर असेल तर का बंद केली तेही सांगावे. लाकडाची बारीक धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५च्या अहवालात ती कर्करोगकारक ठरवली आहे. यंत्राने घासकाम करताना तोंडाला मास्क न लावणारा गुरू, कितीही कुशल असो, अर्धाच गुरू.

एक पाहावे, दहा वेळा करावे

चांगला गुरू सापडला तरी एक धोका उरतोच : पाहण्याचे व्यसन. पाहून पाहून आपल्याला येते असे वाटू लागते. मी स्वतःला नियम घातला, एका आठवड्यात एकच चित्रफीत. पहिल्या महिन्यात फक्त धार, रेघेवर करवत आणि रंधा. टाकाऊ खोक्यांच्या पाइनच्या फळ्या घेतल्या. फळीवर पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढायच्या आणि रंधा मारायचा. रेघ उरली तिथे खळगा आहे, इतके सोपे. रंधा फळीवर चढताना भार पुढच्या हातावर, उतरताना मागच्या हातावर. हे पडद्यावरचा गुरू सांगतो. पण भार म्हणजे किती, हे तो सांगू शकत नाही. ते फळीच सांगते.

पहिली वस्तू म्हणून मी पाट केला. पाटासारखा शिक्षक नाही. एक रुंद फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. पण त्या पट्ट्या दोन्ही टोकांना खिळ्यांनी घट्ट ठोकल्या तर उन्हाळ्यात फळीला आक्रसायला वाव राहत नाही आणि ती तडकते. म्हणून फळीला तळाशी पारव्याच्या शेपटीसारखी, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच पाडली, पट्टी तीत सरकवली आणि फक्त मधोमध पक्की केली. दोन्ही बाजूंना फळी हवी तशी हलायला मोकळी. गेल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाला तोच पाट मांडला. यंदाचा उन्हाळा आणि पावसाळा त्याने काढला, सरळ आहे.

आपले गुरुजी कोण टिपणार?

मिस्त्रीकाकांना तो पाट दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटा केला, खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एक सूत ढिली आहे. पण बसंल." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराच्या तोंडी ते माप अजून आहे. त्या दिवशी बोलता बोलता त्यांच्या तोंडून किती शब्द आले! वाकस, गिरमीट, दोरीने फिरवायचा सामता. काही हत्यारे त्यांच्या वडिलांची, पेटीत गुंडाळून ठेवलेली. मी विचारले, "काका, मुलांना शिकवलंत का?" ते म्हणाले, "एक कुरिअरमध्ये आहे, एक बँकेत. त्यांनी भुसा खावा असं मलाच वाटत नव्हतं, ताई."

त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण घरी आल्यावर मला राहवेना. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या सुताराचा रंधा कसा वाजतो हे आज पुण्यातल्या बाल्कनीत ऐकू येते, कारण कोणीतरी त्याच्यासमोर कॅमेरा धरला. आमच्या दारे घासणाऱ्या मिस्त्रींच्या समोर कोणी धरला? मराठीत आणि हिंदीत मी जे शोधले त्यात कपाटांची मापे आणि तयार फर्निचरचे कौतुकच अधिक सापडले. पायाच्या पंजात लाकूड धरून कुसू कसे काढतात, हे मात्र आमच्या काकांच्याच हातात पाहायला मिळाले.

पुढच्या रविवारी मी काकांना बोलावून वीस मिनिटांचे चित्रण केले. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून त्यांच्या हातांजवळ ठेवला. चेहरा दिसला नाही तरी चालेल, हात दिसले पाहिजेत. संगीत नाही. मी दोनच प्रश्न विचारत राहिले : "ह्याला काय म्हणता?" आणि "असं का?" पाते दगडावर फिरताना आणि रंधा फळीवर चालताना मी गप्प बसले. काकांनी मध्येच विचारले, "हे कोण बघणार?" मी म्हटले, "सध्या मी बघणार."

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी दारे घासून घेण्याची, कडी-कोयंडे बसवण्याची लगबग असते. तुमच्याकडे असे कोणी जुने मिस्त्री येत असतील, तर त्यांच्याकडून कामाच्या मजुरीखेरीज आणखी अर्धा तास विकत घ्या. फुकट मागू नका. फोन त्यांच्या हातांजवळ ठेवा, आधी धार लावून दाखवायला सांगा, आणि आवाज स्वच्छ येतो आहे ना ते पाहा.